अप्पांनी लिहावं म्हणून

२०१८च्या हिवाळ्यात अप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे व्हँकुव्हरला आले. आई त्याच वर्षी उन्हाळ्यात गेली होती. अप्पा पोटासाठी हेडमास्तर, पण खरे कादंबरीकार. तीन कादंबऱ्या लिहिल्या, आणि प्रत्येक पान आधी आईला वाचून दाखवलं. ती गेली आणि त्यांनी लिहिणं बंद केलं.

मला ते बघवेना. मी नवी वही आणून टेबलावर ठेवली. ऑफिसला निघताना मी रोज म्हणायचे, "आज दोन ओळी तरी लिहा." ते म्हणायचे, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" माझं डोकं फिरायचं. मी कसली गप्प बसते!

आमच्या इमारतीत एक कोरियन बाई राहायच्या. त्यांनी लॉबीत मला त्यांच्याकडच्या एका दिग्दर्शकाबद्दल सांगितलं. आधी नावाजलेला कादंबरीकार. मग चाळिशीच्या सुमाराला लेखणी बाजूला ठेवून सिनेमाच्या सेटवर नव्याने शिकायला लागला, आणि मोठा झाला. म्हटलं, हे औषध लागू पडणार! लगेच लायब्ररीतून डीव्हीडी आणल्या.

पहिल्याच सिनेमात कुणीतरी पोरगी ओरडली, "अप्पा!" अप्पांनी मान वळवून मला विचारलं, "काय गं?" कोरियनमध्येही बापाला अप्पाच म्हणतात, हे सांगितल्यावर ते हसले. किती दिवसांनी हसले! मग दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की एक सिनेमा.

चौथ्या रविवारी मी सिनेमा पॉज करून भाषणच ठोकलं. "बघा, एवढ्या वयात त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. तुम्हीच का हातपाय गाळून बसलात?"

"त्याने लिहिणं सोडलं गं," अप्पा म्हणाले. "तेवढंच तू ऐकत नाहीस."

"पण दुसरं काहीतरी धरलं ना!"

"त्याला हवं ते धरलं. तू माझ्यापुढे ठेवलीस तशी कुणी त्याच्यापुढे वही नसेल ठेवली." ते माझ्याकडे वळले. "सात महिने झाले. तू एकदा तरी तुझ्या आईचं नाव काढलंस? नुसतं लिहा, लिहा. मला लिहायचं नाहीये. मला रडायचंय, आणि तुझ्यासमोर रडायची चोरी झालीये."

मला आधी रागच आला. तिकिटं, व्हिसा, त्यांची औषधं, सगळं मीच तर निस्तरलं होतं. मग कळलं की तेवढंच केलं होतं. आईच्या आजारपणात मी "सुट्टी मिळाली की येते" म्हणत राहिले आणि पोचले ती तेराव्याला. अप्पा रडले असते तर मलाही ते बोलावं लागलं असतं. भ्यायले होते मी.

त्यांच्या शेजारी जाऊन बसले. विचारलं, "शेवटी शेवटी ती माझ्याबद्दल विचारायची का हो?"

अप्पांनी माझा हात धरला.

"रोज," ते म्हणाले.