चारात सतरा मावत नाहीत

साखराबाई माझ्या मित्राची, कारभारीची बायको. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊजी. १९९४ साली मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि जाफराबादजवळच्या आमच्या गावात साक्षरता वर्ग घेऊ लागलो. वर्ग दुपारी, शाळेच्या ओसरीत. मराठी मला येत होतं. गणित मी पुस्तकात बघून शिकवायचो.

तिच्या माहेरी मेंढरं. सासरी आल्यापासून ती दर दिवाळीनंतर कारभारीबरोबर अंकुशनगरकडे ऊस तोडायला जायची. धाकटी पोर दोन वर्षांची. तिला फडाच्या कडेला पाचटावर बसवायची आणि तोडणीला लागायची. मागच्या हंगामात पोर उठून चालत गेली आणि उसाच्या गाडीखाली येता येता वाचली. तेव्हापासून साखराबाईला फडात पोर न्यायची नव्हती.

ऊसतोड वस्तीवर एक संस्था बालवाडी काढणार होती. तिथं लेकरं सांभाळायला बाई हवी होती. लिहिता-वाचता यावं, साधी बेरीज यावी, एवढीच अट. परीक्षेला आठ दिवस राहिले होते.

वाचन तिला आलं. बेरीज अर्धीच आली. "सतरात चार मिळवा," म्हटलं की ती लगेच सांगायची, "एकवीस." "चारात सतरा मिळवा," म्हटलं की पेन्सिल खाली ठेवायची.

मी पाटीवर रेघा मारल्या. बोटं मोजून दाखवली. काही उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी मी चिडलो.

"वहिनी, अडतं कुठं?"

"चारात सतरा कशी जातील, भाऊजी? मावतील का?"

"म्हणजे?"

"आमच्यात दोन कळप एका रानात उतरले की बारका कळप मोठ्यात जातो. चार मेंढरांच्या कुंपणात सतरा कोण कोंबील? एवढं बी. ए. झालात, मेंढरू पाह्यलं न्हाई वाटतं."

वर्गातल्या सगळ्या बायका हसल्या. शब्दांवर पदवी घेतलेला मी. 'चारात' या शब्दातल्या 'त'नं तिच्यापुढं कुंपण घातलं होतं आणि मला ते ऐकूच आलं नव्हतं.

"मंग बारका कळप मोठ्यात घाला," मी म्हणालो.

"पण सवाल तर चारात म्हणतो."

"सवाल शेवटी काय विचारतो?"

"किती झाली."

ती उठली. अंगणातून खडे वेचून आणले. सतरा खडे चाराकडे सरकवले, मोजले. परत वेगळे केले. चार खडे सतरांकडे सरकवले, मोजले. मग तीन आणि बारा. मग पाच आणि एकोणीस.

"कुठूनबी ढकला, तेवढेच," ती म्हणाली. मग हसली. "म्हणून आमचा बाप बारक्यालाच हाकायचा. मोठा कळप उगं कशाला उठवायचा?"

इतकी वर्षं मी आधी लिहिलेल्या आकड्यापासूनच मोजत आलो होतो.

परीक्षा घ्यायला संस्थेच्या बेबीनंदाताई जीपनं आल्या. सवाल होता : सकाळी सहा मुलं आली, दुपारी तेवीस आली, एकूण किती? साखराबाईनं लिहिलं, २३ + ६ = २९.

ताईंनी लाल पेन उघडला. "सकाळची सहा आधी आली ना? तुम्ही उलटं मांडलंय."

मीही तेच म्हणालो असतो.

"आधी आली, खरंय," साखराबाई म्हणाली. "पण ताई, जेवायला तर सगळी संगंच बसतील. ताटं एकोणतीसच लागतील. सहाच्या पुढं तेवीस मोजत बसले, तर लेकरं रडतील भुकंनं."

ताईंनी बोटांवर सहाच्या पुढं मोजायला सुरुवात केली. बारा-तेरापाशी थांबल्या. हसल्या.

"बिलकुल बराबर," त्या म्हणाल्या आणि खूण केली. "दिवाळीनंतर या. तुमची स्वतःची लहान पोर आहे म्हणे. तिचं काय करणार?"

"तिला धरून तीस," साखराबाई म्हणाली.