घासलेलं नाणं

वडील गेल्यावर भेटायला येणारी माणसं थोडा वेळ त्यांच्याबद्दल बोलत आणि मग खिशातली चिल्लर काढून बघू लागत. याला कारण वडीलच. मंठ्याला त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि टांकसाळीत छापताना चुकलेली नाणी गल्ल्यातून वेचून ठेवायचा त्यांना नाद होता. लग्नात आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला रुपयासुद्धा ते सोलून, उलटून पाहत. आईला मांडवात तोंड लपवावं लागे. सरकार चुकतं अन् पसारा माझ्या घरात, असं ती म्हणे.

आता मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे असल्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, अशी सगळ्यांची खात्री झाली होती. वडिलांचा नाद मरणानंतर हुशारीत जमा झाला. आईला मात्र पैशाचं काही नव्हतं. ज्याला आपण आयुष्यभर येडं म्हटलं तो माणूस खरा होता का, एवढंच तिला कळायला हवं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, भाजी निवडताना, वर न बघता.

वडील सगळ्यात जपत ते पाच रुपयांचं एक पिवळं नाणं. वाटूर फाट्यावर चहा पिऊन उरलेल्या सुट्ट्यात ते आलं होतं. छाप एका बाजूला सरकलेला, दुसऱ्या कडेला कोरी चंद्रकोर. ते घेऊन मी जालन्याला जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेले.

त्याने भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. छाप टांकसाळीतच सरकलाय, कुणी घरी ठोकून केलेलं नाही, शिवाय वर्षही वाचता येतंय, अशी कमी सापडतात, असं तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने नाणं उजेडात तिरकं धरलं.

"ताई, हे घासलं कुणी?"

आईने. मी निघायच्या सकाळी, देव घासतात तसं, चिंच-मीठ आणि तारेच्या घासणीने. परक्याच्या दारात ह्यांची वस्तू मळकट कशी न्यायची, म्हणून. व्यापाऱ्याने मला ओरखडे दाखवले. मूळची झळाळी गेली की जमवणारे हात लावत नाहीत, आता पाचाचे पाचच समजा, असं म्हणून त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं.

घरी येऊन मी आईला फक्त पहिला भाग सांगितला. नाणं खरं आहे. तिने पदराने डोळे पुसले. किंमत विचारली तेव्हा मी म्हणाले, असली वस्तू विकायची नसते. तिला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी हसनाबादहून मावशी आली. मी आत चहा ठेवत होते. बाहेर आई सांगत होती, "मी तर पहिल्यापासून म्हणू राह्यले, ह्यांची नजर बिलकुल खरी हाय. पण त्या जालन्याच्या माणसाला ते दिसलं असतं का? मी घासून दिलं, मंग दिसलं."

मग मावशीच्या पिशवीची चेन वाजली.

"माझ्याकडं बी एक हाय वाकडं छापलेलं. चिंच हाय का गं घरात?"

मी आतूनच सांगितलं, आहे.