सुगी होऊ दे

जेवण झालं की रेव्हरंड शांतवन भालेराव चर्चमागच्या कडुनिंबाखाली बाज ओढून घेतात आणि घटकाभर पाठ टेकतात. आजही टेकली आहे. शनिवार आहे, ऊन रणरणतंय, पण डोळा काही लागत नाही.

उद्या बाप्तिस्मा आहे. टेकडीपलीकडची अख्खी वस्ती येणार आहे. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. वस्तीवरची माणसं सरकारी कामावर खडी फोडतात, रेशनवरची परदेशी तांबडी मिलो ज्वारी शिजवून खातात, आणि शनिवारी चर्चमधून मिळणारा गहू डोक्यावर घेऊन जातात. गेल्या महिन्यात त्यांचा म्होरक्या गेणू धोत्रे येऊन म्हणाला, "पाळकसाब, आमी समदेच तुमच्यात येतो." शांतवन पाळकांचे डोळेच भरून आले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकेक घर जोडलं, तेही नातलगांतलं. पावसाळ्यानंतर ते निवृत्त होणार. आणि आता, शेवटी शेवटी, ही एवढी माणसं! नगरहून मिशनचे सुपरिंटेंडंट साहेब मुद्दाम येणार आहेत, फोटोवाल्याला घेऊन.

सगळं ठीक होतं. पण सकाळी गेणूची बायको धुरपदा विहिरीशी भेटली आणि तिनं हळूच विचारलं, "डोक्यावर पानी घेतलं म्हंजी आमचा गहू बंद व्हायाचा न्हाई ना?"

"उद्या बोलू," एवढंच पाळक म्हणाले आणि चालू लागले.

धुरपदाचं ते वाक्य आता बाजेवर त्यांच्या शेजारी पडून आहे. कूस बदलली तरी तिथंच. लांबून हातोड्यांचा आवाज येतोय, टक टक टक. कडुनिंबाची सावली तोंडावरून सरकते. टक टक. मग त्या आवाजात एक ठेका येतो, आणि ठेक्यामागून एक खरखरीत, ओळखीचा गळा.

कुणीतरी डफ वाजवतंय.

शांतवन उठून बसतात. बाजेच्या पायथ्याशी लाजरसबुवा ओहोळ बसले आहेत. या भागात ख्रिस्ताचं नाव पहिल्यांदा गावोगाव घेऊन फिरलेला माणूस. मूळचे डफ वाजवणारे, पुढे डफावरच सुवार्ता सांगायला लागले. शांतवन विशीत होते तेव्हा त्यांच्यामागं डफ उचलून हिंडले होते, आणि बुवांच्या शवपेटीवर माती लोटणाऱ्यांतही होते. पण आत्ता त्यांना याचं नवल वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की बुवा आपल्याच वयाचे दिसतायत.

"सलाम, बुवा."

"सलाम. तहान लागलीय रे, शांतवन."

शांतवन माठाकडे वळतात, तर माठ नाही. चर्चची भिंतही नाही. दोघं एका गल्लीत उभे आहेत. कुडाच्या भिंती, दारात शेळी, राखेत निजलेलं कुत्रं. बुवा एका दाराशी वाकून म्हणतात, "माय, पाणी मिळंल का?"

आतली बाई दचकते. म्हणते, "आमच्या हातचं?"

"तुमच्याच दारात उभा आहे की."

ती लोटा आणते. बुवा ओंजळ धरत नाहीत, लोटा हातात घेतात आणि तोंडाला लावतात. बाई बघत राहते. शांतवनही बघत राहतात. हे त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं, पण तेव्हा बुवांना खरंच तहान लागत असेल असं वाटायचं.

"तुम्ही दर गावात पाणी का मागायचा?"

"कुणाच्या दारात द्यायला म्हणून गेलो की मी उंच होतो, तो खाली होतो. मग माझं काय तो ऐकणार? मान डोलवणार, दुसरं काय! मागायला गेलो की दोघं एका उंबऱ्यावर." बुवा मिशा पुसतात. "प्रभूनं नाही का विहिरीवरच्या त्या परजातीच्या शोमरोनी बाईकडं पाणी मागितलं? आधी पाणी, मग बाकीचं."

"माझी वस्ती तर आपण होऊन आलीय, बुवा. मला मागायलाही लागलं नाही."

"ऐकलं. अख्खी वस्ती म्हणे."

"अख्खी."

शांतवन बुवांच्या चेहऱ्याकडे बघतात. शाबासकी हवी असते त्यांना. बासष्टाव्या वर्षीही हवी असते. बुवा पुढं चालू लागतात. गल्लीच्या टोकाला चर्चचं दार आहे आणि ते दोघं आत शिरतात.

आत बाकं नाहीत. चुली आहेत. मोठमोठ्या कढयांत कण्या रटरटतायत, आणि दारापासून क्रूसापर्यंत माणसांची रांग आहे. कसली माणसं! बरगड्या मोजाव्यात अशी. पोरांची पोटं फुगलेली, डोळे खोल गेलेले. शांतवनांचा जन्मही झाला नव्हता तेव्हाचा तो मोठा दुष्काळ. आजूबाजूला बोलणं नाही, फक्त पळ्यांचा आवाज.

लाजरसबुवा वाढतायत. आता ते तरणे आहेत, बाह्या वर सारलेल्या. रांगेतला म्हातारा म्हणतो, "बाबा, डोक्यावर पानी घाल. आमी तुझ्या देवाचे झालो."

"आधी जेवा, आजोबा."

"जेवतो. पन आधी करून टाक. तुझा देव रागावंल."

"तो नाही रागवत. सुगी होऊ दे. घरात दाणा आला, पोट भरलं, की मग या. मी कुठं जात नाही."

मागचा माणूसही तेच म्हणतो, त्याच्या मागची बाईही. बुवा प्रत्येकाला तेच सांगतात आणि पळी भरून वाढतात. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

शांतवन पुढे होऊन त्यांचा दंड धरतात. "बुवा, हे काय करताय? एवढी माणसं तोंडानं म्हणतायत!"

"पोट म्हणतंय रे."

"पण तुम्ही तर नाव सांगायला निघालात ना? मग मागं का सरता?"

"मागं? रोज सांगतोय की. सकाळी डफावर, संध्याकाळी डफावर. ओरडून ओरडून घसा बसलाय बघ." बुवा पळी खाली ठेवतात. "सांगणं माझ्याकडं. होकार त्यांच्याकडं. उपाशी माणसाचा होकार घेणं म्हणजे झोपलेल्याचा खिसा चाचपणं. माझ्या देवाला कुणाच्या भुकेची गरज नाही."

"आणि मिशनचे साहेब? ते काय म्हणाले?"

"म्हणाले, लाजरस, इतकं धान्य गेलं, फळ काय? मी म्हटलं, साहेब, जगली की माणसं."

शांतवनांना वाटतं हसावं, पण हसू येत नाही. त्यांना फोटोवाला आठवतो. आपण उद्यासाठी पांढरा झगा धुऊन घेतलाय, तोही आठवतो. "मी काही तुमच्याएवढा मोठा नाही, बुवा," ते म्हणतात. "पावसाळ्यानंतर मी घरी बसणार. एवढं तरी घेऊन जाऊ द्या ना मला."

बुवा त्यांच्या खांद्यावर हात टाकतात. हात गरम आहे. "चल, सुगी बघू."

नदीकाठ. थंडी पडली आहे. दोन्ही काठांवर ज्वारी माणसाच्या वर गेली आहे आणि कणसं वाऱ्यानं एकमेकांवर घासतायत. उताराशी तीन दगड मांडून, गोवऱ्या पेटवून बुवा बसले आहेत. त्यांच्या समोरून माणसं नदी ओलांडतात. रांगेतलीच ती माणसं, पण आता अंगं भरलेली, गालांवर तुकतुकी. "सलाम, बुवा, पोरं बरी हायेत." "बुवा, घरी या की कधी." थांबत मात्र कुणी नाही.

"कुणीच नाही आलं?" शांतवन विचारतात.

"बघतोयस की."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं तर! माणूस आहे मी. देवाशी भांडलो. बायकोवर उगाच ओरडलो. मग परत इथं येऊन बसलो. येणाऱ्याला मी दिसायला नको का?"

उतारावरून एक तरुण बाई येते. कडेवर पोर, डोक्यावर कणसांची पेंढी. ती थांबते, पेंढी बुवांपुढं टाकते. "घ्या. आमच्या रानातलं पयलं." मग पदर सारखा करून म्हणते, "आता पोट भरलंय. आता सांगा त्याचं. सगळं सांगा, अर्धं नको."

"ओळखलंस का हिला?" बुवा विचारतात.

शांतवन तिला ओळखत नाहीत. पण कडेवरचं पोर त्यांच्याकडे बघतं आणि ते वाकून न्याहाळतात. डाव्या भुवईवर तो तीळ. आपल्या वडिलांच्या भुवईवर होता, अगदी तिथंच.

"ही एकटी आली?"

"एकटी. हिच्यापासून तुझा बाप, तुझ्या बापापासून तू. आणि तू कुणाचा मिंधा म्हणून आला नाहीस, म्हणून तर उन्हातान्हात माझा डफ उचललास."

बुवा एक कणीस आरावर धरतात, फिरवतात, मग तळहातावर चोळून फुंकर मारतात. कोंडा उडतो. हिरवे, वाफाळते दाणे ते शांतवनांच्या हातावर ओततात. "खा. गरम आहे तोवर."

"मग वस्तीवरच्यांना उद्या काय सांगू? येऊ नका म्हणू? त्यांना आजवर सगळ्यांनी तेच सांगितलंय."

"येऊ नका म्हणायचं नाही रे, लेका. तू—"

"अहो! अहो, उठा! गेणू आलाय."

सुवार्ताबाई, त्यांची बायको, बाजेशी उभी आहे. सावली केव्हाच सरकली आहे आणि शांतवनांच्या तोंडावर ऊन आहे. कुंपणाशी गेणू आणि धुरपदा रिकामी पोती घेऊन उभे आहेत.

शांतवन उठतात. तोंडावर पाणी मारण्याचंही सुचत नाही त्यांना. ते सरळ कुंपणाशी जातात.

"गेणू, गहू आजच न्या. सगळ्यांचा. ज्यांना उद्या यायचंय त्यांचा, नाही यायचं त्यांचाही. पाऊस पडेपर्यंत असाच मिळेल. आणि बाप्तिस्मा उद्या नाही."

गेणूचा चेहरा उतरतो. "म्हंजी आमी नगं तुमाला?"

"हवे आहात. म्हणून तर थांबतोय. उद्या या, बसा, ऐका. नाही पटलं तर उठून जा. पीकपाणी होऊ दे, चुली नीट पेटू देत. मग तुम्ही मला सांगा."

गेणू पोतं या हातातून त्या हातात घेतो. बोलते ती धुरपदा. "आन् तवा न्हाई आलो तर?"

"तर मी येईन तुमच्याकडं. तुझ्या हातचा चहा प्यायला."

धुरपदा नवऱ्याकडे बघते. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती पाळकांच्या तोंडाकडे बघून बोलते. "साखर न्हाई आमच्यात. गुळाचा चालंल?"

"चालेल."

गहू वाटून होतो. पोती डोक्यावर घेऊन दोघं टेकडीकडे वळतात. सुवार्ताबाई म्हणते, "साहेब काय म्हणतील उद्या?"

"ओरडतील."

"आणि फोटोवाला?"

"त्याला जेवून जायला सांग." एवढं बोलून शांतवन थबकतात. दाढेत काहीतरी अडकलंय. ते जिभेनं चाचपतात, बोटानं काढतात आणि तळहातावर घेतात. बारीक, हिरवा, अर्धा चावलेला दाणा.

सुवार्ताबाई वाकून बघते, दाणा स्वतःच्या हातावर घेते आणि नाकाशी नेते. तिचे डोळे मोठे होतात. दोन वर्षं झाली, या तालुक्यात ज्वारीचं कणीस कुणी पाहिलेलं नाही.

"हुरडा?" ती म्हणते. "भाजलेला आहे हो. अजून धुराचा वास येतोय."