आरशात सरळ दिसणारा डोळा

मुर्रीच्या वळणावरचा सायकलवाला वाकड्या चाकाचा आऊट काढता काढता गिऱ्हाइकाची अक्कलही काढतो. तिरळा डोळा चाळिशीत ऑपरेशननं सरळ झाल्यापासून तो आरशासमोरून हलत नाही. "हिरो दिसून राहिलो ना?" हे मला दहादा विचारून झालंय.

परवा एक बाई तिरळ्या लेकीला घेऊन पंक्चर काढायला आली. "तिरळी पोरगी नशीबवान असते," ती कौतुकानं म्हणाली.

त्यानं आपला दुसरा, चांगला डोळा तळहातानं झाकला आणि समोरचा पाना उचलायला गेला. हात भलतीकडेच पडला.

"डोळा सरळ झाला बाई, पण नजर नाही आली. लहानपणीच दवाखान्यात नेलं असतं, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली असती, तं आली असती. माही मायबी मले नशीबवानच म्हणे."