तारेनं ओवलेली झांज

माझा नवरा नव्या काड्यांनी मला कधी मारत नसे. ताशाची नवी काडी माणसाच्या हाडावर पडली की तिला आतून चीर जाते आणि मग ती ऐन वरातीत मोडते, असं त्याचं म्हणणं होतं. मारायला टोकं पिंजलेल्या जुन्या काड्या होत्या, त्या चुलीमागच्या कोनाड्यात. नव्या काड्या वर दांडीला, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या. लग्न होऊन मी घरात आले आणि पहिल्या आठवड्यातच हा फरक शिकले.

लोकांसमोर मी त्याला जन्मभर अहो-जाहो केलं. लिहिताना मात्र 'तो'च लिहिणार.

सोलापुरात गिरणीच्या चाळीत आमची एक खोली होती. तो मूळचा मोडनिंबकडचा. दिवसा गिरणीत यंत्रावर काम करायचा आणि लग्नसराई आली की ताशा वाजवायचा. नव्या पेठेतल्या कापडवाल्यांच्या घरी कार्य निघालं की आधी त्याला निरोप यायचा. आणि वाजवायचा असा, की त्याबद्दल मला खोटं लिहवत नाही. वरात चाळीच्या कोपऱ्यावर वळली की ढोलाखालून त्याचा ताशा वर यायचा, तापल्या तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा. पाठीवर वळ असताना मी दारात उभी राहून ऐकत असे. माझा पाय आपोआप ठेका धरायचा. त्या पायाचा मला फार राग यायचा.

काड्या तो वेताच्याच करायचा. बांबूच्या काड्या तयार मिळत, पण बांबू फुटला की त्याची धार ताशाचं कातडं खाते. वेत सावलीत वाळवायचा, तासायचा, मग करडईच्या तेलात मुरत ठेवायचा. वाजवताना काड्यांचे हात बदलत राहायचं, म्हणजे एकच काडी झिजत नाही. हे सगळं तो जोडीदारांना शिकवायचा, मी ऐकून शिकले. घरात तेल आलं की आधी काड्यांचं मडकं भरायचं. उरलं तर फोडणी.

मला दिवस गेले होते तेव्हा कोरडी भाकरी घशाखाली उतरत नसे. एकदा त्या मडक्यातलं थोडं तेल मी चटणीवर घेतलं. संध्याकाळी त्यानं मडक्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "तेल कुटं गेलं?"

"चटणीवर घेतलं जरासं."

"काड्या उघड्या पडल्यात. कोरड्या पडल्या की चिरत्यात, ठावं न्हाय तुला?"

त्यानं कोनाड्यातली काडी काढली. त्याच आठवड्यात माझं मूल पोटातच गेलं. मारामुळे गेलं की आणखी कशानं, ते तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मीही आज छातीठोक सांगणार नाही. मूल गेलं त्या संध्याकाळी तो वरातीला गेला होता. परतल्यावर म्हणाला, "काड्या झ्याक चालल्या आज."

काड्यांहून त्याचा जीव झांजेत होता. काशाची जुनी जोडी, त्याच्या मामानं दिलेली. वाजवायची जोडीदारानं, पण राखायची आम्ही. झांज समोरासमोर आपटायची नाही, कड जराशी चुकवून सरकती मारायची. चिंच लावून घासायची नाही. आणि मधल्या भोकात दोरी ओवायची ती शेळीच्या मऊ कातड्याचीच, तारेची कधीच नाही. तार भोक खाते, भोकापासून चीर निघते आणि कडेला पोचल्याशिवाय थांबत नाही. वरातीहून आली की झांज पुसायचं काम माझं. त्या काशावर जितक्या हळू हातानं फडकं फिरवावं लागे, तितक्या हळू हातानं त्या घरात मला कुणी शिवलं नाही.

मग एका सकाळी गिरणीतून माणूस धावत आला. यंत्राच्या पट्ट्यात नवऱ्याचा उजवा हात गेला होता. मी दवाखान्यात पोचले तेव्हा हाताला पट्ट्यांचं मोठं गाठोडं होतं. बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो शुद्धीवर आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काड्या उन्हात न्हाईत न्हवं?"

घरी आल्यावर जखम सुकली तशी तो ताशा घेऊन बसला. उजव्या पंजाला फडक्यानं काडी बांधून घेतली, मलाच बांधायला लावली. डाव्या हातानं सुरुवात बरी झाली. उजवा हात खाली आला आणि काडी फडक्यातून निसटून थेट चुलीपाशी जाऊन पडली. मला हसू आलं. लग्नानंतर त्याच्यासमोर मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले असेन. त्यानं डाव्या हातानं जुनी काडी उचलली आणि मारली, पण डाव्याचा नेम बसत नव्हता. काडी भिंतीवर बसायची, दारावर बसायची. मी जागची हलले नाही, उभी राहून बघत राहिले.

गिरणीनं त्याला परत घेतलं नाही. घरातले जोंधळे तळाला गेले, तेव्हा दुसऱ्या पेठेतला एक ताशावाला आमच्याकडे आला. या दोघांचं कधी पटलं नव्हतं. वरातीत गाठ पडली तर एकमेकांच्या अंगावर वाजवायचे. तो दारातच बसला आणि माझ्याकडे बघून बोलला, "वैनी, सराईपुरती झांज द्या. सराई सरंस्तवर तुमच्या घरी जोंधळं घालतो."

नवरा खाटेवरून ओरडला, "झांजंला हात लावू नगंस!"

मी म्हटलं, "मग आजची भाकरी तुमी बडवा की."

मी त्याच्या डोळ्यांदेखत खुंटीवरून झांज काढली आणि त्या माणसाच्या हातात दिली. तो जिना उतरत होता, तेव्हा मी मागोमाग गेले. खाली त्यानं कातड्याची दोरी ओढून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "कातडं घामानं ताणतं. मी तार ओवणार."

"तार नका ओवू," मी म्हणाले. "भोक खाती ती. चीर जाईल."

तो हसला. "बोटं गेली त्याची, आता तुमच्या तोंडानं वाजवतो व्हय?" आणि निघून गेला. हे बोलणं खोलीपर्यंत पोचलं नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावरून वराती जात राहिल्या. नवरा उंबऱ्यावर बसून ऐकायचा. गर्दीत दहा झांजा असल्या तरी आपली त्याला कळायची. डोळे मिटून म्हणायचा, "वाजतीया." ताशाबद्दल एक शब्द नाही, फक्त झांजेबद्दल. त्यावेळी त्याचा चेहरा असा होई, की माझ्या जागी दुसरी असती तर तिला दया आली असती.

एका संध्याकाळी गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेली वरात कोपऱ्यावर वळली आणि हा ताडकन उठला. "चीर गेली," म्हणाला. "भोकापासनं निघालीया. ऐक, घरघरतीया." मला काही ऐकू आलं नाही. तो तसाच अनवाणी जिना उतरून पळाला. मी मागं गेले.

वरातीत घुसून त्यानं झांज वाजवणाऱ्याचा हात धरला. "थांब, थांब, आता मारू नगं, फुटंल ती!" नवऱ्यामुलाकडच्यांना वाटलं, कुणी दारुडा घुसला. दोघातिघांनी त्याला ढकललं, तो पडला, कुणीतरी लाथही घातली. वाजाप थांबलं. मग त्या ताशावाल्यानं त्याला ओळखलं आणि लोकांना मोठ्यानं सांगितलं, "अवो, हा थोटा नामी वाजवणारा हाय. वाजवू द्या की त्याला!"

लोकांना गंमत सापडली. एकानं झांजेची तार त्याच्या थोट्या मनगटात अडकवली, दुसरी झांज डाव्या हातात दिली. सगळे ओरडायला लागले, "वाजव! वाजव!" घोड्यावरचा नवरदेवही मुंडावळ्या बाजूला सारून बघत होता. माझा नवरा नकाराची मान हलवत राहिला. त्यांनी मागून गुद्दे घातले. शेवटी त्यानं झांज मारली. तशातही त्यानं ती आपटली नाही, कड चुकवून सरकतीच मारली. काशातून फुटक्या परातीचा आवाज आला. सगळा रस्ता हसला. त्याच्या मनगटातून तार ओढून काढली तेव्हा कातडी सोलून आली. मग वाजाप सुरू झालं आणि वरात पुढं गेली.

मी सगळा वेळ तिथं, चाळीच्या भिंतीला टेकून उभी होते. मी पुढं झाले नाही. त्याला माझ्याकडून वेगळी काही अपेक्षा असेल, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

घरात आल्यावर त्यानं पाणी मागितलं नाही. खाटेवर बसला आणि विचारलं, "कातडं काढून तार कुणी ओवली?"

खरं सांगायला काहीच लागत नव्हतं. त्या माणसानं ओवली, मी नको म्हणाले होते, एवढं बोलले असते तर झालं असतं. पण त्याचा चेहरा माझ्याकडे वर झाला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, त्याला लागेल असं काहीतरी माझ्या हातात होतं.

"मी," मी म्हणाले. "जिन्याखाली, त्याच्या मागं गेले तवा."

"तुला ठावं हुतं, तार भोक खाती."

"व्हय. तुमीच शिकवलं की."

"जाणूनबुजून?"

"जाणूनबुजून."

त्यानं डावा हात उचलला. मी सरकले नाही. हात थोडा वेळ तसाच वर राहिला, मग त्यानं तो मांडीवर ठेवला. त्यानंतर त्यानं माझ्यावर कधी हात टाकला नाही. लोक म्हणाले, हात गेला आणि माणूस सुधारला.

झांज पुढच्याच लग्नात कडेपर्यंत चिरली, असं कळलं. ताशावाला पुन्हा आला नाही आणि जोंधळेही आले नाहीत. मी गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागले, सकाळच्या भोंग्याला निघायची आणि अंधार पडता घरी यायची. तो डाव्या हातानं भाकरी थापायला शिकला. भाकऱ्या जाड व्हायच्या, पण जळायच्या नाहीत. मी आले की ताट माझ्यापुढे सरकवायचा. मी पहिला घास तोंडात घालीपर्यंत तो स्वतःच्या ताटाला शिवत नसे. शेजारणींना ते प्रेम वाटायचं. माझ्या ताटातली भाकरी मोडून मी अर्धी त्याला देत नाही, तोवर त्याला घास उतरत नव्हता, हे मला फार उशिरा ध्यानात आलं. माझ्या हातच्या अन्नाची, मी दळून आणलेल्या पिठाचीही, त्याला भीती बसली होती. म्हणून तर स्वैपाक त्यानं स्वतःकडे घेतला होता.

आम्ही असे पुष्कळ वर्षं एका खोलीत राहिलो. तो माझ्याकडे पाठ करून कधी झोपला नाही.