कोपरे कापलेल्या चांदण्या

स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कुणी मुद्दाम जमवत नाही. एक पिशवी दुसरीत जाते, दुसरी तिसरीत, आणि एक दिवस कपाटाचं दार लागेनासं होतं. लेकीला देवाचं शिकवायला निघालेल्या आईचे किस्सेही असेच साठतात. आमच्या चर्चच्या महिला मंडळात सभा संपली की चहाच्या वेळी मी ते सांगते. बायका पोट धरून हसतात. मीही हसते. घरी येताना रिक्षात मात्र ते हसू टिकत नाही.

माझी लेक कृपा, वय वर्षं सात. आम्ही साताऱ्यात सुमनकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. नवऱ्याचं, आशिषचं म्हणणं एकच, "पोरीला जरा श्वास घेऊ दे." पण माझं बी.एड. झालंय, मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या हाती सोपवलं तर मी श्वासाचंसुद्धा वेळापत्रक लावेन.

माझ्या पप्पांनी आम्हाला बसवून असं काहीच शिकवलं नाही. ते मिरजेत एका दवाखान्यात ड्रेसर होते, जखमांची मलमपट्टी करायचे. संध्याकाळी घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि खुर्चीत बसून देवाशी बोलायचे. कुणाची जखम भरत नाही, कुणाला भेटायला कुणीच आलं नाही, असं शेजाऱ्याला सांगावं तसं. मला कृपाच्या बाबतीत तेवढंच हवं होतं. तिनं एक दिवस आपणहून, आपल्या शब्दांत देवाशी बोलावं. बाकी काही नाही.

खरं तर ती बोलत होती. त्याचाच पहिला किस्सा.

*

तेव्हा ती पाच वर्षांची होती. जेवणाआधी डोळे मिटून म्हणाली, "देवा, थँक्यू. पण भोपळा परत नको."

आशिष हसला. मी नाही हसले. मी तिला समजावलं की देवाशी बोलायची एक पद्धत असते. आधी स्तुती, मग आभार, मग क्षमा आणि अगदी शेवटी मागणी.

पुढे ती दुसरीत गेली. एकदा माझ्या वर्गाच्या अर्जलेखनाच्या वह्या घरी तपासायला आल्या होत्या. मी एकेक मोठ्यानं वाचत होते आणि ती शेजारी बसून ऐकत होती. त्या संध्याकाळी ताटात पुन्हा भोपळा. कृपानं हात जोडले.

"प्रति, माननीय देव. विषय, भोपळा न मिळण्याबाबत. महोदय..."

आशिष पाणी प्यायचं निमित्त करून उठून गेला. मी तिथेच तिला गप्प केलं. प्रार्थनेची चेष्टा करायची नाही, असं बजावलं. ती चेष्टा करत नव्हती हे मला भांडी घासताना कळलं. पद्धत हवी म्हणून मीच तर सांगितलं होतं!

त्यानंतर तिनं देवाकडे भोपळ्याची तक्रार केली नाही. निमूट खाते.

*

मग मी तक्ता केला. फ्रिजवर चार्टपेपर, त्यावर रकाने. प्रार्थना, बायबलचं वचन, गीत. पाठ म्हटलं की सोनेरी कागदाची चांदणी. आठवडा पूर्ण भरला की रविवारी आइस्क्रीम. आणि एक शब्द चुकला की त्या चांदणीचा एक कोपरा कात्रीनं कापायचा. ही कल्पना माझीच. मला ती तेव्हा फार हुशारीची वाटली होती.

महिन्याभरात कृपा एका दमात सगळं म्हणायला लागली. घाटातली एसटी उतारावर सुटावी तशी. मध्ये कुठेही थांबा नाही, थेट आमेन.

एके दिवशी तक्त्यासमोर उभी राहून तिनं विचारलं, "आई, देवाकडे पण असा तक्ता आहे?"

"नाही गं. त्याला कशाला लागतो?"

"मग तुला कशाला लागतो?"

मी कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले. कुकर लावलाच नव्हता.

*

हा किस्सा मंडळात सगळ्यात जास्त चालतो.

रविवारी पाळकसाहेब उपदेश करत होते. एकेक वाक्य सावकाश. "आपलं तारण कशामुळे झालं? आपल्या कामांमुळे? नाही. हे सगळं कृपेनं केलं."

पुढून तिसऱ्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "मी नाही केलं!"

सगळी मंडळी हसली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी तिला खाली बसवताना हळूच चिमटा काढला.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी तिचे गाल ओढले. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र आमच्यात करतात तसा मला सलाम केला आणि सहज विचारलं, "घरी काही सांडलं-फुटलं की लेकरावरच येतं काय गं?"

मंडळात मी हे शेवटचं वाक्य सांगत नाही.

*

सुमनकाकू औंधच्या यमाईला जाऊन आल्या की प्रसाद वर पाठवतात. मी कृपाला शिकवलं होतं, "काकू प्रेमानं देतात. हातात घ्यायचा, थँक्यू म्हणायचं, पण खायचा नाही." तो कुणाचं मन न दुखावता दुसऱ्या कुणाला कसा देऊन टाकायचा, हेही मी दाखवलं होतं.

नाताळ आला. करंज्या आणि शंकरपाळ्यांचं ताट घेऊन मी कृपाला खाली पाठवलं. मी जिन्यातच उभी होते. ताट काकूंच्या हातात देत ती समजुतीनं म्हणाली, "काकू, नुसतं घेतलं तरी चालतं. खायलाच पाहिजे असं नाही. आमच्याकडे तसंच करतात."

काकूंनी वर माझ्याकडे पाहिलं. मग तिथेच उंबऱ्यात बसून अख्खी करंजी खाल्ली. बोटं झटकत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, खोबरं लय झ्याक भाजलंय."

त्या प्रसाद अजून आणतात. पण कृपाच्या हातात देत नाहीत. टेबलावर ठेवून जातात.

*

त्या नाताळाच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीत पप्पा आले होते. चष्मा लावून त्यांनी तक्ता वाचला, कापलेल्या चांदण्यांवरून बोट फिरवलं. "रकाने सरळ आखलेस," एवढंच म्हणाले.

जेवताना त्यांनी कृपाला प्रार्थना करायला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "पाठ केलेली म्हणू का साधी?"

पप्पा माझ्याकडे बघायला लागले. आशिषही. तीन माणसं एका उत्तरासाठी थांबली होती आणि मी म्हणाले, "नीट म्हण."

तिनं पाठ केलेली म्हटली. एकही चूक नाही. चांदणी पूर्ण मिळाली.

पप्पा आमेन म्हणाले. मग भाकरी मोडता मोडता, कुणालाच उद्देशून नाही असं, बोलले, "साधी ऐकायची राहिली."

*

आता गेल्या महिन्यातलं. हे अजून मंडळात सांगितलेलं नाही.

काकूंचा मुलगा विजय फौजेत आहे, सध्या सरहद्दीवर. आठवडा झाला तरी त्याचा फोन नव्हता. काकू मोबाइल पदराखाली घेऊन बसायच्या. विचारलं तर, "यील की, रेंज नसंल," म्हणायच्या.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी त्यांची वाटी परत द्यायला खाली गेले. दार लोटलेलं होतं. आत कृपाचा आवाज आला म्हणून थांबले. फटीतून दिसलं, काकू जमिनीवर बसलेल्या, ही त्यांच्यासमोर मांडी घालून. डोळे दोघींचेही मिटलेले.

"देवा, विजूदादाचा फोन येत नाहीये. तिकडे रेंज नसेल तर तू स्वतः जाऊन बघ. थंडी असेल तर काकूंनी दिलेले मोजे घालायला सांग, तो घालत नाही. आणि काकू काल जेवल्या नाहीत. मी झाकलेलं ताट बघितलं. एवढंच. आमेन."

तिनं डोळे उघडले. मग कृपा हळूच म्हणाली, "काकू, हे आईला सांगू नका हं."

"का गं पोरी?"

"हे पाठ केलेलं नाहीये. ती चांदणी कापते."

काकूंनी पदरानं नाक पुसलं.

"न्हाई सांगत. पर अजून एकदा म्हण की. लय बरं वाटलं."