काहून जी?

माझे भाऊजी टिकाराम चौतीस वर्षं जबलपूरच्या कारखान्यात फिटर होते. मशीनला कान लावून कोणता बेरिंग गेला ते सांगत. माणसांचं मात्र त्यांना ऐकू येत नाही, असं माझी बहीण शेवंता म्हणायची. मी म्हणालो असतो तर भांडण झालं असतं, तिला चालायचं.

ती गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. एका सकाळी भाऊजी जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात माझ्या दारात उभे, हातात रुमालात गुंडाळलेली सीडी.

"चाल सुखराम, सदर बाजारात जाऊ. प्लेअर घ्याचा आहे."

"कोणता?"

"जो उडी नाही मारत तो."

मला कळलं. सीडी त्यांच्या पोरीच्या, हेमलताच्या लग्नाची. व्हिडिओवाल्या मेल्यानं पंचशीलापासून पंगतीपर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी चिकटवली होती. माणसं नुसती तोंडं हलवतात! फक्त एका ठिकाणी, दोन गाण्यांच्या मधात, खरा आवाज राहून गेला. शेवंता पंगतीत बुंदी वाढून राहिली आहे. कॅमेऱ्याच्या बाजूनं भाऊजी हाक मारतात, "अवं, इकडं पाह्य!" ती वळते, कपाळावरचा घाम मनगटानं पुसते आणि म्हणते, "काहून जी?"

बस, तेवढंच. माझ्या ताईचा आवाज जगात तेवढाच उरला आहे. आणि नेमका त्याच जागी सीडीवर ओरखडा पडलेला. घरचा जुना प्लेअर अडखळत का होईना, ते ऐकवत असे. दिवाळीत तोही बंद पडला. कॉपी करायला दिली तर कॉपीतून तो तुकडाच गायब. मूळ कॅसेटवर व्हिडिओवाल्यानं कधीच दुसऱ्या कोणाचं लग्न भरून टाकलं होतं.

सदरच्या पहिल्या दुकानात पोळीएवढा पातळ, चकचकीत प्लेअर लावला. "अंकल, एकदम लेटेस्ट है." शेवंता आली, बुंदीची बादली आली, "अवं, इकडं" आलं, आणि धाडकन पुढचं गाणं सुरू! भाऊजींनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात मालक म्हणाला, "सीडी खराब है अंकल, फेंक दो."

"तू अपनी शादी की फेंक दे!" मी ओरडलो. भाऊजींनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मला तर त्या टिनपाटाला आणखी सुनवायचं होतं.

शेवटी गल्लीतल्या श्यामसुंदरच्या छोट्या दुकानात गेलो. त्यानं सीडी उजेडात धरून पाहिली आणि खालच्या फळीवरून एक काळा, जाड, बोजड डबा काढला. "पुराना मॉडल है, कोई लेता नहीं. पर चलाके देखो." भाऊजी डब्याला कान लावून वाकले. बुंदी आली. डब्यात घरघर झाली, चित्र चौकोन चौकोन झालं, आणि त्यातून ताई बोलली.

"काहून जी?"

मी स्टूल ओढून बसलो.

श्यामसुंदर हसून म्हणाला, "देखो, आ गई आवाज! आंटी पूछ रही हैं, कहूँ जी? फिर? क्या कहना था उनको?"

"अरे बाबा, कहूँ नहीं, काहून! हमारी मराठी में काहून मतलब क्यों!" ताई 'का हो' म्हणते, आणि याला 'सांगू का' ऐकू येतं! माझं डोकं फिरलं होतं. इतक्या वर्षांत या गावाला आमचा एक शब्द समजू नये? "अच्छा, अच्छा," तो ओशाळून म्हणाला. तोवर टीव्हीतून भाऊजींचाच जुना आवाज आला, "काही नाही. वाढ, वाढ." आणि गाणं सुरू झालं.

"हाच द्या," भाऊजी म्हणाले.

परत येताना ऑटोत ते डबा मांडीवर घेऊन बसले होते. मग एकदम म्हणाले, "सुखराम, तो दुकानदार चुकला नाही."

"काय बोलता भाऊजी?"

"चाळीस वर्षं मी हाक मारो, ती काहून जी म्हणे, अन् मी म्हणो, काही नाही. तिच्याजवळ सांगाले काही असन, हे मी कधी विचारलंच नाही."

या माणसावर माझा जुना राग होता. ताई शेवटच्या दुखण्यात दोन महिने छाती दाबत फिरली आणि यांच्या ध्यानात आलं नाही. त्या वेळी तोंडावर आलेलं सगळं मी गिळलं होतं. आता बोलायची वेळ होती, तर मलाच रडू येऊन राहिलं. मी बाहेर पाहत बसलो.

घरी त्यांनी वायरी स्वतः जोडल्या. मी पाण्याचा गिलास घेऊन मागे उभा. बुंदी आली, घरघर झाली, ताई वळली, घाम पुसला.

"काहून जी?"

भाऊजींनी झटकन रिमोट दाबला. त्यांचं ते "काही नाही" यायच्या आत चित्र थांबलं. ताई त्यांच्याकडं पाहत उभी राहिली. भाऊजी खुर्चीतून उठले, टीव्हीजवळ गेले आणि मी आहे हे विसरून म्हणाले,

"तू चांगली दिसून राहिली होती, म्हणून."

मग ते तिथंच खाली बसले आणि म्हणाले, "आता तू सांग."